टर्बो पेट्रोल गाडीचं मिसिंग: कॉइल विकत घेण्याआधीची तपासणी, क्रमाने

घाट चढताना गाडी झटके मारते, पिकअप जातो, पिवळा चेक लाइट लागतो. हे मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात आणि दोन्ही अंगाशी येतात. एक, कुणाचा तरी ब्लूटूथ स्कॅनर आणून आधी कोड पुसून टाकतात. दोन, सगळ्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) आणि सगळे प्लग एका झटक्यात बदलतात. त्याने मिसिंग गेलं तरी बिघाड कशात होता ते कळत नाही. नाही गेलं, तर हजारो रुपये घालवून गाडी होती तिथेच, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये (ईसीयू) साठलेला पुरावाही गेलेला.

खालचा क्रम १ ते १.५ लिटरच्या, तीन किंवा चार सिलिंडरच्या आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनासाठी आहे. डिझेलची गोष्ट पूर्ण वेगळी, तिचा इथे विचार नाही.

## गाडी चालवायची की उभी करायची

चेक लाइट लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल इतक्या प्रमाणात एक्झॉस्टमध्ये जातंय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. जाळी वितळून वाट बंद झाली की टर्बोमागे धुराची कोंडी होते, मग बिल कॉइलचं राहत नाही.

लाइट स्थिर असेल तर हलक्या पायाने गाडी घरी आणता येते. टर्बोवर जोर पडू देऊ नका, ओव्हरटेक टाळा.

## तयारी

हे आधी जमवा. काम अर्ध्यात सोडून दुकानात पळायची वेळ आली की प्लगची भोकं उघडी राहतात, आणि त्यात काय पडेल सांगता येत नाही.

- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ईसीयूमधले कोड वाचणारा. साधा ब्लूटूथचा चालेल, पण त्याच्या ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणाची नोंद), फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीच्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा) आणि सिलिंडरवार मिसफायर, म्हणजे मिसिंगची, मोजणी दिसायला हवी. फक्त कोड दाखवणारा स्कॅनर इथे अपुरा पडतो.
- प्लगचा पातळ सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेला. प्लग १४ मिमीच्या आट्यांचा आहे की १२ मिमीच्या ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा.
- टॉर्क पाना. अंदाजपंचे आवळणं ॲल्युमिनियमच्या हेडला परवडत नाही.
- प्लगची गॅप मोजायला तारेचा गेज.
- कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) मोजायचा गेज, आट्यांच्या जोडणीचा. नुसता दाबून धरायचा गेज प्लगविहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, पोचत नाही.
- मल्टिमीटर, टॉर्च, वीतभर रबरी नळी, मार्कर, मास्किंग टेप आणि हवा मारायला काहीतरी.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसली पाहिजे. बॅटरी मेलेली असेल तर ठिणगीही मलूल पडते आणि पुढची प्रत्येक चाचणी खोटं बोलते. नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमाने चालतो. त्यामुळे चालू इंजिनावर थोडा वेळ कमी आकडा दिसला म्हणून लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका.

> सावधान: टर्बो आणि एक्झॉस्टची बाजू बराच वेळ तापलेली राहते. प्लग थंड, फार तर हाताला सोसेल इतपत कोमट इंजिनावरच काढा. गरम हेडमधून ओढलेला प्लग आटे सोबत घेऊन येतो.

## पायरी १: कोड वाचा, पुसू नका

सगळे कोड टिपा, नुसते मिसफायरचे नाही. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाचं सिलिंडर. सोबत पी०२९९ असेल तर टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी मिळतोय, पी०१७१ असेल तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमध्ये दाब कमी, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलेला. पी०३५१ ते पी०३५४ कॉइलच्या विजेच्या सर्किटबद्दल बोलतात. तिथे कॉइल बदलण्याआधी कनेक्टर आणि वायर बघायची.

आता ज्यावर लोक सर्वांत जास्त घसरतात ती गोष्ट. पी०३०३ चा अर्थ ‘तीन नंबरची कॉइल गेली’ असा नाही. ईसीयूला ठिणगी दिसत नाही, त्याला फक्त क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग दिसतो. तीन नंबरच्या पाळीला क्रँकला जेवढा धक्का मिळायला हवा होता तेवढा मिळाला नाही, इतकंच तो सांगतोय. धक्का का मिळाला नाही याची कारणं चार: ठिणगी, इंधन, हवा, कॉम्प्रेशन. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून आलेल्या हादऱ्यांनीसुद्धा कधीकधी ही मोजणी फसते. खराब पॅचवर एकदाच आलेला आणि परत न उगवलेला पी०३०० असेल, तर लगेच हत्यारं काढू नका.

त्यानंतर फ्रीझ फ्रेम उघडा. कोड लागला त्या क्षणाचा आरपीएम, इंजिनावरचा भार, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग आणि फ्युएल ट्रिम तिथे साठलेले असतात. मोबाइलने त्याचा फोटो काढा. कोड पुसला की हे सगळं जातं, वर शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो.

> तपासा: तुमच्या इंजिनात एक नंबरचं सिलिंडर कुठल्या बाजूला आहे? बहुतेक इंजिनांत ते टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतं, पण काही कंपन्या गिअरबॉक्सकडून मोजतात. मॅन्युअल पाहून कव्हरवर मार्करने आकडे लिहा. चांगली कॉइल काढून खराब तशीच ठेवल्याचे प्रकार याच एका चुकीने होतात.

## पायरी २: मिसिंग नेमकं कधी होतं

फ्रीझ फ्रेम आणि तुमचा अनुभव जुळवून पाहा. पुढे कुठून सुरुवात करायची ते इथेच ठरतं.

जोर पडल्यावरच: सपाटीवर, हलक्या पायाने गाडी लोण्यासारखी. खंबाटकीत चौथ्या गिअरला पाय दाबला की झटके. इथे पहिला संशय ठिणगीवर. टर्बोने सिलिंडरमध्ये हवा जितकी दाटून कोंबलेली, तितकं ठिणगीला प्लगची गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून गॅप वाढलेला प्लग आयडलिंगला बिनतक्रार चालतो आणि बूस्ट (टर्बोचा दाब) आला की हार मानतो. थकलेली कॉइलही तशीच वागते. गाडी सीएनजीवरही चालत असेल आणि मिसिंग फक्त सीएनजीवर असेल, तरीही आधी ठिणगीच तपासा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं.

फक्त आयडलिंगला, रेस दिली की गायब: इनटेक मॅनिफोल्डची गळती, फाटलेला पीसीव्ही (क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा किंवा एखाद्या सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन.

सकाळी थंड इंजिनावर अर्धा-एक मिनिट, मग ठीक: डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर जमलेला कार्बन, रात्रभर थेंब सोडणारा इंजेक्टर, किंवा हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये झिरपणारं कूलंट. टाकीतली कूलंटची पातळी आठवडाभर खूण करून पाहा. ती उतरत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून थेट पायरी ७ वर जा.

पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर: प्लगविहिरीत पाणी. यावर पुढे येतंच.

## पायरी ३: बॉनेट उघडा आणि हात न लावता बघा

पाच मिनिटं टॉर्च घेऊन बघण्यात गेली तर पाच हजार वाचू शकतात.

आधी उंदीर. पावसाळ्यात बंद पार्किंगमध्ये चार दिवस उभी राहिलेली गाडी म्हणजे त्यांची खोली. इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरींवर बारीक दातांच्या खुणा, कापसासारखा भुगा, लेंड्या शोधा. कुरतडलेली वायर बाहेरून अखंड दिसते. तांब्याचे दोन धागे शिल्लक असले तर मल्टिमीटर चांगली बातमी देतो, आणि इंजिन हललं की संपर्क तुटतो. म्हणून आयडलिंगवर वायरींचा गठ्ठा हळूच हलवून पाहा. हलवल्यावर मिसिंग बदललं, तर उत्तर हाताशी आलं.

मग पाणी. प्रेशर वॉशरने इंजिन धुतलं की कॉइलच्या रबराखाली पाणी जाऊन बसतं आणि विहीर खोल असल्याने सुकत नाही. कॉइल काढा, विहिरीत हवा मारा, रबराच्या आतला भाग पुसा. विहिरीत पाण्याऐवजी इंजिन ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीची सील गेलेली आहे. ती न बदलता नवी कॉइल बसवली तर तिचं रबरही त्याच तेलात फुगून मऊ पडतं.

शेवटी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून थ्रॉटलपर्यंतचे होज पाइप. जोडावर ओलसर, धूळ चिकटलेला तेलाचा पट्टा दिसला तर तिथून दाबाखालची हवा बाहेर येत असणार. पाइपच्या आत थोडं तेल सापडलं म्हणून टर्बो गेला असं समजू नका. क्रँककेसच्या वाफेतून येणारा तेलाचा पातळ थर नेहमीचा आहे, डबकं साचणं मात्र नाही.

## पायरी ४: एकाच फेरीत तीन उत्तरं देणारी अदलाबदल

समजा कोड पी०३०३ आहे. नेहमीची पद्धत अशी की तीनची कॉइल एकवर लावा, एकची तीनवर, कोड पुसा, गाडी चालवा, कोड कुठे आला ते बघा. पद्धत बरोबर आहे, पण थोडं डोकं लावलं तर एकाच फेरीत जास्त कळतं.

१. इंजिन थंड, इग्निशन बंद. कॉइल काढायच्या आधी प्रत्येकीवर टेप लावून आकडा लिहा.
२. विहिरीत हवा मारा. कॉइल उचलल्यावर पुन्हा मारा. प्लग सैल झाल्यावर खडा आत पडला तर तो थेट पिस्टनवर.
३. तीन नंबरची कॉइल एक नंबरला लावा आणि एकची तीनला.
४. तीन नंबरचा प्लग दोन नंबरला लावा आणि दोनचा तीनला.
५. इंजेक्टर आहेत तिथेच राहू द्या.
६. फोटो काढून झाले असतील तरच आता कोड पुसा. मग पहिल्यांदा मिसिंग झालं होतं त्याच परिस्थितीत गाडी चालवा: तोच गिअर, तोच चढ, तोच आरपीएम.

कोड पी०३०१ झाला तर कॉइल. पी०३०२ झाला तर प्लग. पी०३०३ वरच अडून राहिला तर कॉइल आणि प्लग दोन्ही बहुतेक निर्दोष; दोष वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये. कोडच आला नाही तर बहुधा एखादा कनेक्टर नीट बसलेला नव्हता आणि काढून लावल्याने तो जागेवर आला. त्याच्या पिना तपासा, नाहीतर महिन्याभरात कोड परत येईल.

पी०३०० आणि सगळ्याच सिलिंडरांत मोजणी वाढत असेल तर ही अदलाबदल निरुपयोगी आहे. प्लगची गॅप तेवढी मोजा आणि थेट पायरी ६ कडे जा.

> सावधान: इंजिन चालू ठेवून एकेक कॉइलचा कनेक्टर उपटून पाहायची जुनी सवय इथे सोडा. त्या सिलिंडरचं पेट्रोल कच्चंच कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि झटका बसायचा धोका वेगळा. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरचा कनेक्टर तर चालू इंजिनावर अजिबात काढू नका, तिथे सुमारे ६५ व्होल्ट असतात.

एक चकवा इथेच सांगून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत मिसिंग फार वाढलं की कन्व्हर्टर वाचवायला ईसीयू त्या सिलिंडरचं पेट्रोल स्वतःहून बंद करतं. मग तो प्लग काढल्यावर कोरडा दिसतो आणि इंजेक्टर मेला असं वाटतं. इंजेक्टरवर निकाल देण्याआधी कोड पुसून इंजिन नव्याने सुरू करा.

## पायरी ५: प्लग वाचणं आणि बसवणं

प्लग काढून टेबलावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा. एकटा प्लग फारसं बोलत नाही, शेजाऱ्यांशी तुलना केली की बोलतो.

वरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी गॅप सोडून बाहेरून उतरत होती. आता त्याच कॉइलच्या रबराच्या आत बोट फिरवून टॉर्च मारा. तशीच रेघ तिथे जुळलेली सापडेल. मग दोन्ही एकदम बदला. नुसता प्लग बदलला तर रबरातली रेघ नव्या प्लगलाही त्याच वाटेला लावते, आणि लोक म्हणतात, ‘नवा प्लगही खराब निघाला.’ सिरॅमिक आणि धातू मिळतात तिथला तपकिरी गोल डाग मात्र निरुपद्रवी आहे. तो उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून होतो, गळतीचा नाही.

खालचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) किंवा ठिणगी अशक्त. ओलसर काळं आणि तेलाचा वास असेल तर ऑइल वर येतंय. एकच प्लग धुऊन काढल्यासारखा लख्ख पांढरा असेल तर कूलंटचा संशय. टोकाच्या सिरॅमिकवर मिरपुडीसारखे काळे ठिपके, चमकणारे बारीक कण किंवा तडा दिसला तर ती नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची, खूण आहे. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो. एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये आलेला एपीआय एसपी हे ऑइलचे दर्जे तो रोखण्याची कसोटी लावूनच ठरवले आहेत. कॅनवर यातलं काही नसेल तर ऑइल बदलताना बघा.

गॅप. टर्बो इंजिनांत ती साधारण ०.६ ते ०.८ मिमी असते, नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनांत बहुधा १ मिमीच्या आसपास. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच खरा. ‘हाही बसतो’ म्हणून दुकानदाराने दिलेला प्लग आट्यांना बसतो, पण गॅप आणि हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) चुकलेली असू शकते. घाटातल्या मिसिंगचं हे एक नेहमीचं कारण आहे. नवा प्लग डब्यातून काढल्यावरही गेज लावून पाहा. इरिडियमच्या टोकाला नाण्यासारखा सरकता गेज लावू नका, तार घालून मोजा. घासून साफ करायचा तर विचारच नको, टोक मोडतं.

बसवताना:

१. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळी चढवा आणि नळीनेच फिरवत आत सोडा. आटे वाकडे लागले तर नळी बोटांत घसरते, म्हणून हेड वाचतं. पहिले आटे पान्याने कधीच नाही.
२. टॉर्क १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा.
३. पुन्हा बसवत असलेल्या जुन्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असतो. नव्यासारखा अर्धा फेरा देऊ नका, टेकल्यानंतर किंचितच फिरवा.
४. मुलामा दिलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ लावू नका. घसरण वाढून तोच टॉर्क जास्त ताण देतो.
५. कॉइल खाली दाबताना रबर बसल्याचं जाणवलं पाहिजे आणि कनेक्टरचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

## पायरी ६: हवेची गळती आणि फ्युएल ट्रिम

टर्बो गाडीत गळती दोन जागी असते आणि दोन्हींचा परिणाम उलटा. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, म्हणून तिथल्या भोकातून न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं. बूस्टमध्ये दाब वाढतो, तेव्हा पाइपातल्या भोकातून मोजलेली हवा बाहेर जाते.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम यांची बेरीज बघा, आधी आयडलिंगला, मग २,५०० आरपीएमला धरून. अधिक-उणे पाच टक्के सहज चालतं, दहाच्या पुढे कारण शोधायचं.

आयडलिंगला +१५ आणि २,५०० ला +३ असेल तर मॅनिफोल्डची गळती. भोक तेवढंच राहतं, पण इंजिन जास्त हवा घेऊ लागलं की त्याचा वाटा नगण्य होतो. उलट भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर इंधन कमी पडतंय, म्हणजे पंप, फिल्टर किंवा रेलचा दाब. बूस्टमध्ये ट्रिम उणे गेला आणि मागून काळा धूर आला, तर हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी आहे आणि त्याच्यापुढे कुठेतरी पाइप फाटलाय. ज्या गाड्या फक्त मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशेब करतात, त्यांत ही खूण मिळत नाही. तिथे पिकअप जातो, पी०२९९ येतो, मिश्रण मात्र बऱ्यापैकी ठीक राहतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे माहीत नसताना ट्रिमवरून बूस्टच्या गळतीचा निकाल देऊ नका.

अजून एक हिशेब. ई१० (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) बनवलेल्या गाडीत ई२० (२० टक्के इथेनॉलचं) भरलं की त्याच हवेला सुमारे चार टक्के जास्त इंधन लागतं. म्हणून अशा गाडीत सगळ्याच आरपीएमला ट्रिम +४ किंवा +५ दिसला तर तो बिघाड नाही. तेवढे वजा करून उरलेला आकडा वाचा.

पीसीव्हीची झटपट चाचणी: आयडलिंगला ऑइल भरायचं झाकण उघडा. झाकण निघता निघत नाही इतकी ओढ असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण उघडताच मिसिंग बदलत असेल, तर पडदा फाटलाय. किंचित ओढ किंवा किंचित फुंकर बहुतेक इंजिनांत असतेच.

दाबाची चाचणी: टर्बोच्या तोंडाकडचा पाइप एअर फिल्टरपासून सोडवा. त्या मापाचं पीव्हीसी पाइपचं टोपण घ्या, मध्यभागी ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, टोपण पाइपात घालून क्लॅम्पने आवळा. इंजिन बंद. क्रँककेसची ब्रीदर नळी सोडवून तिचं इनटेककडचं तोंड बंद करा, नाहीतर दाब इंजिनात जाऊन सील उचकटेल. आता पायपंपाने हवा भरा, ०.३ ते ०.५ बारपर्यंत, म्हणजे ५ ते ७ पीएसआय. जास्तीचा मोह नको. जोडांवर, इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टोकांवर आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हभोवती (टर्बोचा जादा दाब सोडणारा) साबणाचं पाणी मारा, फेस कुठे फुगतो ते दिसेल. एखाददुसरा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतोच, त्यामुळे एक्झॉस्टमधून येणारी बारीक सुस्कार म्हणजे गळती नव्हे.

> सावधान: चालू इंजिनावर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची युक्ती टर्बो गाडीत करू नका. वीतभर अंतरावर तापलेला टर्बो आहे आणि स्प्रे ज्वालाग्राही. धुराचं यंत्र असलेलं गॅरेज गाठा किंवा साबणाच्या पाण्यावर भागवा.

## पायरी ७: इंधन आणि कॉम्प्रेशन

इंधनाच्या बाबतीत घरी करण्यासारखं थोडंच आहे. टाकी भरल्यावर तासाभरात सगळ्या सिलिंडरांत मिसिंग सुरू झालं असेल तर पेट्रोलचा नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. इथेनॉल पाणी शोषतं, पण प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोन्ही मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतात. असा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही, वरून चांगलं पेट्रोल भरून तो प्रश्न सुटत नाही.

साधं पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या बाहेर सोडणारं) असेल तर संशयित इंजेक्टरही शेजाऱ्याशी बदलून पाहता येतो, नव्या ओ-रिंग लावून. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हा प्रयोग घरी नको. रेलमध्ये १०० बारच्या वर दाब असू शकतो, आणि काढलेल्या प्रत्येक इंजेक्टरला नवी टेफ्लॉन सील खास साधनाने बसवावी लागते. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे? फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय आणि ह्युंदाईचं १.० टर्बो जीडीआय डायरेक्ट आहेत, नेक्सॉनचं १.२ रेव्होट्रॉन पोर्ट, आणि महिंद्राचं १.२ एमस्टॅलियन दोन्ही प्रकारांत मिळतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही, त्यामुळे टाकीत ओतायचं क्लीनर व्हॉल्व्हवरचा कार्बन काढू शकत नाही. त्याला मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात.

कॉम्प्रेशनची चाचणी कोड एकाच सिलिंडरवर अडून राहिला असेल तेव्हा:

१. इंजिन कोमट होऊ द्या, पण हेड हाताला सोसेल इतपतच. सगळे प्लग काढा.
२. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. इग्निशन बंद ठेवून कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा.
३. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा. काही गाड्यांत त्याने थ्रॉटल उघडत नाही, स्वतः डोकावून खात्री करा. बंद थ्रॉटलवर सगळीच सिलिंडरं कमी दाखवतात.
४. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर तेवढाच वेळ द्या, काटा पाच-सहा वेळा उसळेपर्यंत.

एकट्या आकड्याच्या मागे लागू नका. १५० पीएसआय दिसले तर इंजिन बाद, असं काही नाही. महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटरवर, तेच इंजिन रत्नागिरीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी दाखवेल. महत्त्वाचा आहे तो फरक. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १०-१५ टक्क्यांपर्यंत ठीक, २५ च्या पुढे बिघाड नक्की.

एक सिलिंडर मागे असेल तर त्यात छोटा चमचा, ५ मिलि इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टन रिंग, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारची दोन सिलिंडरं सारखीच पडलेली असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. याच्यापुढे लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून सुटते ते बघणं. ती गॅरेजमध्ये करून घ्या, पण आवाज स्वतः ऐका. हवा ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट.

## पायरी ८: खात्रीची फेरी

भाग बदलला आणि लाइट विझला, एवढ्यावर विसंबू नका. मिसफायरचा कोड बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत परततो.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर स्कॅनर लावून सुरू करा आणि पाच मिनिटं आयडलिंगला सिलिंडरवार मोजणी बघा. गाडी गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ४,५०० पर्यंत न्या, दोनदा. आकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही. मग पहिल्यांदा जिथे झटके आले होते तोच घाट. एखाददुसरी सुटी मोजणी कुठल्याही सिलिंडरला येते. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांना सोडून पळू लागला, तर त्या सिलिंडरसाठी पायरी ४ पासून पुन्हा.

मोजणी सपाट राहिली तर आठवड्याने लाँग टर्म ट्रिम एकदा बघून फ्रीझ फ्रेमच्या जुन्या फोटोशी ताडून पाहा. ठिणगीचा दोष दुरुस्त झाला पण ट्रिम अजून +१२ वर असेल, तर गाडीत दोन बिघाड होते आणि त्यातला एकच गेलाय.